मामांचा डावा पाय

"पाय आत घेतले का?"

गाडीला किक मारण्याआधी मामा हे विचारायचे. मान वळवायची नाही, आरशात बघायचं नाही. आरसा होताच कुठे? नुसता प्रश्न. मी "घेतले" म्हणेपर्यंत किक नाही. आणि मी "घेतले" म्हटलं, गाडी धडधडली, की मामांचे स्वतःचे दोन्ही पाय फुटरेस्टवरून खाली उतरायचे आणि उडत्या बगळ्याच्या पायांसारखे बाहेर लोंबायला लागायचे.

मंडळी, असे पाय तुम्हीही पाहिले असणार. सिग्नल सुटला तरी वर न येणारे, चपलेची टाच डांबरावर घासत फर्लांगभर जाणारे. तुम्ही ते पाहून चिडला असाल आणि पुढे निघून गेला असाल. मला पुढे जायची सोय नव्हती. मी त्या पायांच्या मागच्याच सीटवर सहा वर्षं बसलो.

मला गाडी चालवता येत नाही. वय अठ्ठेचाळीस. हसा, सगळेच हसतात. बिडकीनच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो आणि मामा, म्हणजे अख्ख्या कारखान्याचेच मामा, तिथेच गेटवर वॉचमन होते, ठेकेदाराच्या माणसांपैकी. त्यांचं गाव लासूर स्टेशनच्या पलीकडे. घर मेंढपाळांचं. तिशीपर्यंत कळपामागे चालले, मग गुडघे बोलू लागले म्हणून नोकरीला लागले. धाकटा भाऊ अजून मेंढरं घेऊन हिंडतो. लासूरहून येताना पैठण रस्त्याला परस्पर वळता येतं, पण मामा सरळ शहरात शिरायचे आणि क्रांती चौकात माझ्यासाठी उभे राहायचे. ही वाकडी वाट माझ्यामुळे होते, हे सहा वर्षांत एकदाही त्यांच्या तोंडून आलं नाही. तोंडून यायचं ते फक्त माझ्या पायांबद्दल.

पहिल्याच दिवशी माझी पोटरी सायलेन्सरला चिकटली. मी असा ओरडलो की चहावाल्याच्या हातातली किटली हलली. मामांनी गेटवरच्या कुंडीतलं कोरफडीचं पान चिरून लावलं आणि लावता लावता शिकवणी सुरू केली.

"टाचा आत. चवडे म्होरं. आन् सिग्नलला पाय खाली सोडायचा नाय."

"अहो, मदत म्हणून सोडतो. गाडी कलंडली तर?"

"दोघांनी पेलली की गाडी कुणाचंच ऐकत नाय. तुमी पोत्यावानी बसा."

मी पोत्यासारखा बसायला शिकलो. आणि पोत्याला जेवढं चिडता येतं तेवढा चिडत राहिलो. कारण मला नियम शिकवणारा हा माणूस डावीकडे वळायचं झालं की काय करायचा? डावा पाय अख्खा बाहेर काढायचा! गुडघ्यातून सरळ, जमिनीला समांतर. इंडिकेटर चालू होता, पण मामांना त्या दिव्याचा भरवसा नव्हता. क्रांती चौकात त्या पायासमोर एकदा रिक्षा करकचून थांबली.

"ओ चच्चा, लात मारते क्या?"

"लात नाय रे बाबा. वळतोय म्हून सांगतो."

"तो मुँह से बोलो ना!"

मामा हसले. गाडी पुढे गेल्यावर मला म्हणाले, "मेंढरू कधी तोंड बघत नाय, सायेब. पाय बघतं. पाय आडवा घातला की आख्खा कळप वळतो."

"मामा, ही रिक्षा आहे."

"थांबली का नाय?"

थांबली होती.

मग गेटवर नवा नियम आला. लायसन दाखवा, तरच गाडी आत. आमच्या मामांनी वीस वर्षं गाडी हाकली, पण लायसन नावाची वस्तू कधी पाहिलेली नव्हती. पोलीस दिसला की उतरून गाडी ढकलत न्यायची, एवढीच त्यांची व्यवस्था. आता तर वॉचमननेच बिनलायसनचं यायचं म्हणजे पंचाईत. लासूरकडून येणारी पहिली एसटी धरली तरी आठची पाळी गाठता येत नाही. ठेकेदार म्हणाला, "पुढच्या महिनाअखेरपर्यंत लायसन आण, नाहीतर जवळपासचा माणूस घेतो." नोकरी गेली तर मामांना पन्नाशीनंतर, तेच गुडघे घेऊन, पुन्हा कळपामागे जावं लागणार होतं.

मी छाती पुढे काढून म्हणालो, "मामा, मी तुम्हाला पास करून दाखवतो." गाडी न येणारा माणूस गाडी शिकवणार! मला यातलं काहीही तेव्हा विनोदी वाटलं नाही.

शिकाऊ लायसन निघालं. खरी परीक्षा महिन्यानंतर होती. आठच्या आकड्यात गाडी फिरवायची आणि पाय टेकायचा नाही. टेकला की नापास. आता मला सांगा, या भूतलावर मामांसाठी याहून क्रूर परीक्षा कुणी काढली असती?

माझ्या घराजवळच्या मोकळ्या मैदानात तालीम सुरू झाली. मी खडूची पूड आणली आणि त्यांच्या चपलांच्या तळाला ओल्या हाताने माखली. पाय टेकला की ठसा उमटेल, कबूल करायला वेगळी साक्ष नको. दहा फेऱ्या झाल्या. मैदानावर इकडून तिकडे पांढरी पावलंच पावलं! कडेने जाणाऱ्या एक बाई थांबून म्हणाल्या, "अगंबाई, महालक्ष्म्या आल्या का काय इथं?"

"मामा, बघा जरा! हे पाय बघा!"

"लई झाले व्हय?"

"मोजायचे सोडून दिले मी!"

"मुद्दाम नाय टेकत, सायेब. वळण आलं की आपसूक जातो."

पहिल्या परीक्षेत मात्र पाय टेकायची वेळच आली नाही. आरटीओच्या मैदानातल्या रेघा पुसट झालेल्या. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी सांगितलं, आठ काढा. मामांची शाळा मराठी चौथीपर्यंत. त्यांनी गाडी झोकात नेली, एक सुरेख बाक घेऊन मराठी आठ काढला आणि शेपटीवरून थेट फाटकाबाहेर रस्त्यावर! साहेब शिट्टी वाजवत राहिले. मी डोक्याला हात लावून खाली बसलो. तालमीत मी इंग्रजीच आठ गिरवून घेतला होता हो! पण आयत्या वेळी हात जुन्या वळणाने गेला.

दुसऱ्या खेपेला आठ बरोबर आला. पाय फुटरेस्टच्या दांडीवर खिळल्यासारखे. मी देवाचं नाव घेतलं. पहिलं डावं वळण आलं आणि दरवाजा उघडावा तसा डावा पाय बाहेर आला.

साहेबांनी विचारलं, "हे काय?"

"वळतोय ना सायेब. सांगाया नको?"

"कुणाला सांगताय? मैदानात तुम्ही एकटे आहात!"

घरी येताना मी रस्ताभर बोललो. पोत्याने कधी एवढं बोलू नये. मामा शेवटी म्हणाले, "तुमचं बरूबर हाय," आणि लगेच, "टाच आत घ्या, सायलेन्सर हाय."

तिसरी परीक्षा महिनाअखेरच्या आदल्या दिवशी होती. त्याआधीचे आठ दिवस त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ड्यूटी संपली की मैदान. खडू मीच लावायचो. ठसे कमी होत गेले. सात, चार, दोन. शेवटच्या दिवशी मैदान कोरं. मी खाली वाकून सगळीकडे शोधलं, एकही पाऊल नाही. मामा गाडीवरून उतरले आणि उभे राहून आपल्याच पायांकडे बघत राहिले, जणू कुणा दुसऱ्याचे आहेत.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून गेलो. मामांनी पहिलं वळण घेतलं, पाय दांडीवर. दुसरं घेतलं, पाय दांडीवर. चेहरा घट्ट मिटलेला. शेवटचं वळण उरलं. माझी टाळी हातातच अडकलेली. आणि कुंपणाच्या फटीतून एक करडू नाचत नाचत वाटेवर आलं.

मामांनी ब्रेक दाबला. डावा पाय बाहेर गेला, आडवा, आणि जमिनीवर टेकला. "हुर्र!" करडू त्या पायाजवळ थबकलं, शहाण्यासारखं वळलं आणि आलं तसं फटीतून गेलं.

साहेब भले होते. हळूच म्हणाले, "पाय टेकला हो. पुढच्या आठवड्यात या." पुढचा आठवडा आमच्याकडे नव्हता.

"मामा! करडू होतं ते! हॉर्न वाजवायचा! बगल द्यायची!"

"हॉर्न त्याला काय कळतोय?"

"आणि तुमची नोकरी?"

मामांनी करडू गेलं त्या फटीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "नोकरी दिसली नाय तवा. करडूच दिसलं." गाडीवर बसले, किकवर पाय ठेवला आणि नेहमीप्रमाणे, मान न वळवता, "पाय आत घेतले का?"

मी मागे बसलेलोच नव्हतो. मला इतका राग आला होता की मी म्हणालो, "तुम्ही जा. मी रिक्षाने जातो." ते थोडं थांबले. मग गाडी सुरू झाली, दोन्ही पाय उतरले आणि टाचा घासत मामा फाटकाबाहेर गेले. सहा वर्षं ज्या माणसाने वाकडी वाट करून मला नेलं, त्याला मी त्या दिवशी एकटं पाठवलं.

एक तारखेला गेटवर दुसरा माणूस होता.

आता मी कंपनीच्या बसने जातो. जागा मिळत नाही, दारात उभा राहतो. दिवाळीनंतरची गोष्ट. बिडकीनच्या अलीकडे बस थांबली. पुढे रस्ताभर मेंढरं. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय आणि एकही मेंढरू हलत नाही. मी दारातून वाकून पाहिलं. कळपापुढे, खांद्यावर घोंगडं, काठीवर भार टाकून एक माणूस लंगडत चालला होता. त्याने डावा पाय बाहेर काढून आडवा घातला. एवढा मोठा कळप बांधाला लागलेल्या पाण्यासारखा वळायला लागला.

"मामा!"

त्यांनी बसकडे पाहिलं. मला वाटलं, ओळखलं नाही, कारण नजर माझ्या चेहऱ्यावर आलीच नाही. ती खाली होती. माझा एक पाय पायरीच्या बाहेर, हवेत लोंबत होता.

मामांनी उरलेली मेंढरं तशीच रस्त्यात राहू दिली. हॉर्न वाजत राहिला. ते काठी टेकून बससमोर उभे राहिले आणि ओरडून म्हणाले,

"पाय आत घेतले का?"

मी घाईघाईने पाय ओढून घेतला.

"घेतले, मामा."

तेव्हा कुठे त्यांनी बसला वाट दिली.