आईचा काष्टा

लाज नेमकी कशाची धरावी, हा प्रश्न मला चाळिशीपर्यंत कधी पडला नव्हता. अंगभर कपडा, लांब बाह्या आणि चर्चमध्ये डोक्यावर पदर, एवढं पाळलं की झालं, असंच आम्ही लहानपणापासून शिकलो होतो. पण माझी विधवा आई निपाणीजवळचं गाव सोडून बेळगावात, वडगावला माझ्या घरी राहायला आली, आणि या सोप्या गोष्टीचा असा गुंता झाला की तो आजही पुरता सुटलेला नाही.

आईचं सारं आयुष्य तंबाखूच्या रानात गेलं. नऊवारी लुगडं, घट्ट काष्टा आणि गुडघ्याखाली पोटऱ्या उघड्या, हीच मी पाहिलेली आई. गावात आमची ख्रिस्ती घरं मोजकीच होती. फादर घोड्यावरून यायचे तेव्हा आमच्या पडवीतच मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, व्हायची, आणि आई रानातून येऊन, हात धुऊन, तशीच गुडघे टेकायची. कुणी कधी काही म्हटलं नाही.

बेळगावात, कॅम्पातल्या आमच्या चर्चमध्ये, त्या वर्षी नवे फादर आले होते. माणूस कडक, पण खोटा नव्हता. स्वतः उपास करायचे, आजाऱ्याच्या घरी रात्री-अपरात्री जायचे. ईस्टरच्या आधीचा उपासकाळ लागला तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मिस्सेत पवित्र भाकरीचा ख्रिस्तप्रसाद घ्यायला येणाऱ्या बाईचं डोकं झाकलेलं असावं, हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत. तसं नसेल तर मी तिला प्रसाद न देता पुढे जाईन. मला ते पटलं होतं, अजूनही पटतं. देवासमोर अंग मिरवायला कशाला जावं? पण पुढच्याच रविवारी बिनबाह्यांच्या फ्रॉकमधली एक मुलगी वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून बसली, आणि फादर खरोखरच तिला वगळून पुढे गेले. तिची मान खाली गेली ती वर आली नाही. मला आईच्या पोटऱ्या आठवल्या.

ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यायचाच, हा आमच्या धर्माचा नेम. आईने तो आयुष्यात चुकवला नव्हता. आता तिला धाप लागायची, चार पावलं चालली की बसावं लागायचं. पुढचा ईस्टर आपल्याला दिसायचा नाही हे तिला माहीत होतं, मलाही. म्हणून मी तिच्यासाठी परकर शिवला आणि एक दिवस तिला पाचवारी गोल पातळ नेसवलं. घोट्यापर्यंत झाकलेली आई भिंतीला टेकून उभी राहिली आणि रडकुंडीला आली.

"काढ गं हे. काष्टा न्हाय म्हंजे अंगावर काय न्हायच की. असं उघड्यानं मी देवाम्होरं जाऊ?"

"आये, उघडं तर काष्ट्यात दिसतंय. पाय सगळे दिसत्यात तुझे."

"दिसंनात. पायानं चालतोय आपण, त्येची कसली लाज?"

हसावं की रडावं मला कळेना. फादरांना जे उघडं वाटत होतं ते आईला झाकलेलं वाटत होतं, आणि फादरांना जे झाकलेलं तेच आईला उघडं. दोघंही हटून बसले होते ते एकाच गोष्टीसाठी, लाजेसाठी. मी फादरांकडे जाऊन सगळं सांगितलंही. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "एकीला एक नियम, दुसरीला दुसरा, असं मी कसं करू?" त्यांचंही चुकत होतं असं मला म्हणवेना. मी आले तशी परत फिरले.

ईस्टरच्या सकाळी घरातल्या मरियामाईच्या तसबिरीपुढे मी उभी राहिले. तिच्या डोक्यावरून पायांपर्यंत निळं वस्त्र उतरलेलं आहे. मी म्हटलं, माझं डोकं चालेनासं झालंय, आईला काय नेसवू ते आता तूच सांग. मागे वळले तर आई स्वतःच परकर चढवत होती. "तुझ्यासाठी नेसते," म्हणाली. चर्चमधून बाहेर पडताच बदलायला म्हणून तिने आपलं लुगडं मात्र पिशवीत घेतलं.

चर्चच्या वाटेवर, बसत-उठत जाताना, शहापुरातल्या विणकरांच्या गल्लीत आईचा पाय काठात अडकला आणि निऱ्या सुटल्या. पातळाचा गोळा पोटाशी धरून ती रस्त्यातच खाली बसली. तिचा तो चेहरा मला आजही आठवू नयेसा वाटतो. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. आतून मागाचा आवाज येत होता. दारातल्या बाईने आम्हाला पाहिलं, आत वळून मागावरच्या आपल्या माणसाला "जरा मागच्या परड्यात जावा" म्हणाली, आणि आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं.

"मावशी, आत या. कुठं निघालासा?"

"चर्चला," मी म्हटलं. "पण तिथं पाय झाकायला लागत्यात, आणि हिला काष्ट्याबिगर चालवंना."

"मग काष्टा घाला आणि वरनं पांघरा की," ती सहज म्हणाली. हे मला आधी का सुचलं नाही, देव जाणे. तिने पिशवीतलं लुगडं काढून आईला नीट काष्टा घालून दिला. मग कोपऱ्यातून एक कापड ओढून काढलं. माग बिघडल्यामुळे अर्ध्यातच कापावा लागलेला लुगड्याचा तुकडा होता तो. आईच्या डोक्यावरून घेऊन तिने तो खाली पायांपर्यंत सोडला. तुकडा निळा होता. निळाच कसा, हे मी तिला विचारलं नाही.

आई तिथून ताठ चालत निघाली. चर्चमध्ये आम्ही कठड्याशी शेजारी-शेजारी गुडघे टेकले आणि रिवाजाप्रमाणे कठड्यावरच्या पांढऱ्या कापडाखाली हात घेतले. नेमकं तेव्हाच निळं कापड आईच्या खांद्यांवरून घसरून मागे पडलं. डोक्यावर लुगड्याचा पदर राहिला, पण तिच्या पोटऱ्या उघड्या पडल्या, आणि माझे हात पांढऱ्या कापडाखाली असल्यामुळे मला ते सावरता येईना. फादर एकेकीला प्रसाद देत आमच्याकडे येत होते. आईपाशी ते थांबले. मी डोळे मिटून घेतले. मग त्यांचे लॅटिन शब्द ऐकू आले, हळू, नेहमीसारखेच. डोळे उघडले तेव्हा प्रसाद जिभेवर घेऊन आईने ओठ मिटले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. फादरांनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही. पाहिलं असेल तर नियम कुठे गेला? नसेल, तर ते थांबले कशाला?

कापड परत द्यायला गेले तर ती बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. म्हातारीला थंडीत हुईल." पण थंडीपर्यंत आई राहिली नाही.

तिला शेवटचं नेसवताना चर्चमधल्या बायकांनी पायघोळ पांढरा झगा आणला होता. मी तो हात जोडून परत केला. आईला काष्टाच घातला आणि वर निळं कापड. फादर आले, प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडलं. अंगाभोवती गुंडाळताना कापड आखूड पडल्यामुळे तिचे पाय पोटरीपर्यंत उघडे राहिले होते. फादर त्यांच्याकडे पाहत राहिले. आता काही बोलतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी वाकून तिच्या कपाळावरून सरकलेलं कापड हलकेच डोक्यावर ओढून नीट केलं. पाय मात्र तसेच उघडे राहू दिले.

कोण बरोबर होतं हे मी अजून देवाला विचारते. त्याने अजून सांगितलेलं नाही, आणि आता मी घाईही करत नाही. ज्या दिवशी मला काही कळत नव्हतं त्या दिवशी त्याने एक दार उघडलं, तेवढं मला पुरतं, आणि त्याचे उपकार माझ्याकडून फिटायचे नाहीत. मिस्सेला जाताना मी बाह्या मनगटापर्यंत ओढते, डोक्यावर पदर घेते. शेजारी कुणी उघड्या पायांनी गुडघे टेकले, तर थोडी सरकून तिला जागा करून देते.