दुबईची चिठ्ठी अन् माझी बंद पडलेली बोलती

"ट्रायजेमिनल न्यूराल्जिया." दुबईतल्या डॉक्टरनं मोबाइलच्या पडद्यावरून माझ्या आजाराचं नाव सांगितलं. म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. तोंड उघडलं की गालात अशी वीज कडाडायची, की तेवढ्यावर आखाडा बाळापूरचा अख्खा बाजार उजळला असता. ज्याच्या गप्पा ऐकायला वारंगा फाट्यावर ट्रक थांबतात, तो मी मुका झालो. घोटभर पाणी प्यायचीही धास्ती.

डॉक्टर गाठून दिला दुबईत राहणाऱ्या आमच्या जावयानं. मला बोलवेना, म्हणून मेहुणा दिगंबर माझ्या वतीनं बोलला. डॉक्टरनं कार्बामाझेपिन, म्हणजे नसेची कळ शांत करणारी गोळी, लिहून चिठ्ठी मोबाइलवर धाडली.

औषध दुकानदार सलीमभाईनं ती वाचून परत केली. "मामा, डॉक्टर नामी असतील, पण नोंदणी तिथली. आपल्या देशात नोंदणी असलेला डॉक्टर पायजे. मग तो पडद्यावर बघो, न्हाईतर समोर."

"काहून? दुबईची नस अलग असते का?" दिगंबर तडकला.

"नस तीच, कायदा अलग. उद्या काही झालं तर जाब कुणाला विचारता?"

मनातल्या मनात मी सलीमभाईच्या सात पिढ्या उद्धरल्या. बोलता येत नव्हतं, म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी नांदेडला डॉक्टरबाईंसमोर बसलो. "रोजच्या गोळ्या दाखवा," त्या म्हणाल्या. बायकोनं पिशवी उपडी केली. त्यात वॉरफॅरिन निघालं, रक्त पातळ ठेवणारी गोळी. माझ्या हृदयात कृत्रिम झडप आहे. दिगंबरनं दुबईला आमच्या बैलाचं दुखणंसुद्धा सांगितलं होतं, झडप तेवढी राहिली!

बाई गंभीर झाल्या. "कार्बामाझेपिननं वॉरफॅरिनचा जोर कमी होतो. लक्ष न ठेवता घेतली असती, तर झडपेवर गुठळी धरली असती."

दिगंबरनं दुबईची चिठ्ठी तिथंच मोबाइलमधून पुसून टाकली.

बाईंनी रक्त तपासून दुसरी गोळी सुरू केली. हळूहळू वीज थंडावली. आता बाई मला पडद्यावरच बघतात, अन् त्यांची चिठ्ठी सलीमभाई हसत घेतो. तुमच्यावर अशी पाळी आली, तर मोबाइलसमोर आधी गोळ्यांची पिशवी धरा, मेहुणा मागून.

बोलती परत आली, तसा मी सलीमभाईचे आभार मानायला गेलो. दुपारी सुरू केलं, तो दुकान बंद करायची वेळ झाली. शेवटी त्यानं हात जोडले. "मामा, गप बसायची गोळी कोणत्या देशात भेटते?"

"भेटली तरी तू देणार न्हाईस," मी म्हटलं. "चिठ्ठी बाहेरची."