जिवंत भाऊ असताना

भावाने मला शब्द दिला होता, तोही त्याच्या मुलीच्या बारशात. पाळण्याजवळ उभा राहून सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "आक्का, ही तुझी सून." आमच्याकडे मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पोर मोठी होईपर्यंत दर दिवाळीला मी तिला सुनेच्या मानाने खण देत आले.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याने ती सांगलीला, विश्रामबागेतल्या एका साहेबाच्या घरी देऊन टाकली. मला कळलं ते कडेगावच्या बाजारात, त्याच्या गावच्या, रहिमतपूरच्या एका बाईकडून. सख्ख्या भावाने तोंडाला पानं पुसली. माझा मुलगा पलटणीत भरती झाला. पहिल्या रजेला आला, पण पुढच्या रजांना घरी फिरकलाच नाही. तेही मी भावाच्याच माथी मारलं.

लग्नाच्याच वर्षी भाऊबीजेला भाऊ आला. मी जेवायला वाढलं. दिवस मावळल्यावर तबक घेऊन त्याच्यासमोरून अंगणात गेले आणि चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. सासूबाई म्हणाल्या, "जिता भाऊ घरात बसलाय, आन् चंद्राला ववाळतीस व्हय गं?" भाऊ सकाळच्या एसटीने गेला.

पुढच्या वर्षी पुन्हा आला. "चुकलं माझं, आक्का. बंगला बघून भुललो."

"माज्याकडं माफी न्हाई. ज्याचं वाटुळं केलंस त्याच्याकडं माग," म्हणाले आणि तबक घेऊन बाहेर गेले. तेव्हा मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतरच्या भाऊबीजेला आला तो पार वाळलेला. म्हणाला, "जाऊन आलो त्याच्याकडं." थेट पंजाबात, पलटणीच्या फाटकाशी उभा राहून भाच्यापुढे हात जोडून आला होता.

"काय म्हणाला?"

तो सांगेना. मी हटूनच बसले तेव्हा बोलला, "त्याचा राग कवाच गेलाय. म्हणाला, घरी गेलं की आई ताटावर बसल्या बसल्या तेच उगाळती. आयकवत न्हाई, म्हणून येत न्हाई."

मला आधी भावाचाच संताप आला. माझ्या पोराच्या मनातलं यानं मला सांगावं? मग त्या रजेतली जेवणं आठवली. घास हातात धरून मुलगा गप्प बसायचा आणि माझं तोंड चालूच असायचं. ज्याच्या वतीने मी राग धरून बसले होते, त्याला तो नकोच होता. उंबऱ्यावरच बसले.

बऱ्याच वेळाने पाट मांडला. भावाला बसवलं, कुंकू लावलं, ओवाळायला लागले. त्याचे डोळे भरलेले दिसले, तसं मी म्हटलं, "माफ न्हाई केलं तुला. नुसती दमलेय मी."

"चालंल, आक्का," तो म्हणाला.