वहिनींची वीत

उस्तादांच्या कारखान्यात टेप होता, पण तो शोभेचा. गिऱ्हाईक आलं की उस्ताद तो गळ्यात अडकवत, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा खुंटीला. खरं माप ते वितीने घेत. पंजा ताणायचा, अंगठा ते करंगळी, आणि सोफ्याच्या पाठीवरून सुरवंटासारखा चालवत न्यायचा. बावीस वर्षं सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याला टेप लागत असेल, तर त्याने दुकान बंद करून घरी बसावं, असं त्यांचं मत होतं. मत मांडायला त्यांना निमित्त लागत नसे.

कारखाना म्हणजे नाव मोठं. एक लांबट खोली, मागे राहायच्या दोन खोल्या, मध्ये पडदा. लांबट खोलीत कापड बेतायचं टेबल, आणि टेबलाच्या कडेला पितळी डोक्याचे दहा खिळे. एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत बरोबर उस्तादांची एक वीत. उस्ताद गिऱ्हाइकाकडून माप घेऊन येत आणि दारातूनच ओरडत, "बैठक चार, रुंदी तीन!" मग त्यांची बायको, म्हणजे सगळ्या रस्त्याच्या वहिनी, खिळ्याला कापड लावून कात्री चालवत आणि मशीनवर कव्हर शिवून मोकळ्या होत. सोफा कोणाचा, खुर्ची कसली, हे त्यांनी कधी पाहिलेलंही नसे. कव्हर मात्र असं बसे की जणू खुर्ची ते घालूनच जन्माला आली.

मग उस्तादांना खोकला लागला. पहिले दोन महिने त्यांनी त्याला थंडी म्हटलं, पुढचा महिना डॉक्टरांना मूर्ख म्हटलं, आणि चौथ्या महिन्यात एका दुपारी जिन्यावरच बसकण मारली. जुन्या गाद्यांतला काथ्या उपसून उपसून त्याची धूळ छातीत घर करून राहिली होती. तीन आठवडे दवाखान्यात काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, "काथ्याच्या जवळ जायचं नाही. वजन उचलायचं नाही. जिनासुद्धा सावकाश." उस्तादांनी आयुष्यात सावकाश असं काही केलं नव्हतं.

चार हातांवर चालणारं घर दोन हातांवर आलं. तेही खरं तर दोन नव्हेच, कारण कामं उस्तादांच्या नावावर येत. लोक दारात डोकावून विचारत, "उस्ताद आहेत का?" नाहीत म्हटलं की "बरं, येतो मग" म्हणून जात ते जातच. उरलं ते फाटकं-तुटकं काम. जुनं कव्हर उसवायचं, त्याच मापाचं नवं बेतायचं. त्यात पोट भरे, हप्ता भरत नसे.

हप्ता मशीनचा होता. आजाराच्या आठच महिने आधी, जाड चामडंही लोण्यासारखं शिवणारं नवं मशीन त्यांनी पतपेढीचं कर्ज काढून घेतलं होतं आणि तेच मशीन तारण ठेवलं होतं. शिल्लक दवाखान्याने धुऊन नेली. दोन हप्ते थकले. तिसरा थकला की मशीन उचलून नेणार, असं कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, आणि खाली दोघांच्या सह्या.

उस्तादांची बहीण भावाला बघायला आली ती राहिलीच. जिभेने तिखट, पण सकाळी उठून न सांगता पाणी भरणारी. ती म्हणाली, "वहिनी, विकून टाक ते मशीन. आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे कुठे लावणार?"

"आधी किती फाटलंय ते मोजू तर दे," वहिनी म्हणाल्या.

पडद्यामागून उस्तादांचा आवाज आला. "विका! हातच राहिले नाहीत, तर मशीन काय शोभेला ठेवायचंय?"

हे वहिनींना लागलं. मशीनवर बावीस वर्षं हात कोणाचे होते? मशीन गेलं तर कारखाना गेला, आणि कारखाना गेला तर हा माणूस पडद्यामागे नुसता छताकडे बघत बसेल आणि सहा महिन्यांत संपेल, हे त्यांना आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी चांगली साडी नेसली आणि थेट पतपेढी गाठली.

पतपेढीतले वसुलीवाले भाऊ जाडजूड आणि दमलेले गृहस्थ होते. देणेकरी त्यांना पाहून गल्ली बदलत. एकदा तर एका घरात चहा पीत असताना घरमालक शेजारच्या कपाटात शिंकला होता. इथे तर देणेकरी बाई स्वतः पायऱ्या चढून आली होती. वहिनींनी टेबलावर वहीचं पान ठेवलं. महिन्याला येतात किती, औषधाला जातात किती, उरतात किती.

"एवढ्यात अर्धा हप्ता बसतो," त्या म्हणाल्या. "अर्धा मी चुकवणार नाही. पूर्ण देते म्हणाले, तर ते खोटं होईल."

भाऊंनी पान दोनदा वाचलं आणि आतल्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा जरा कमी दमलेले दिसत होते. "सहा महिने अर्धा हप्ता चालेल. पण थकलेले दोन पुढच्या महिनाअखेरीपर्यंत एकरकमी हवेत, वहिनी. नाही आले, तर मशीन न्यायला मलाच यावं लागेल. आणि मला ते नकोय."

दोन हप्ते! फाटक्या-तुटक्या कामातून ते निघणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. पण त्याच आठवड्यात सभागृहाचं काम निघालं. दोनशे बारा खुर्च्या, सगळ्या खिळखिळ्या. दोन मोठ्या ठेकेदारांनी सांगितलं होतं की सगळ्याच उघडाव्या लागतील, आतून-बाहेरून नव्या कराव्या लागतील. आकडा ऐकून सभागृहाचे व्यवस्थापक खुर्चीतच बसले होते, आणि तीही खिळखिळीच होती.

वहिनी घरी आल्या आणि पडदा बाजूला केला. "उठा. बसायला जायचंय."

"कुठे?"

"दोनशे बारा खुर्च्यांवर. तुमची बहीण म्हणते ना, दादा आता बसून खाणार? मग नीट बसा."

कारण उस्तादांची एक विद्या अशी होती की तिला छाती लागत नव्हती. खुर्चीवर डोळे मिटून बसलं की आत काय मोडलंय ते त्यांना कळे. दोन सकाळी ते नाकाला रुमाल बांधून रांगेने बसत गेले. "ठीक. ठीक. डावीकडची स्प्रिंग मेली. ठीक. हिचा पट्टा तुटलाय." दहा खुर्च्या झाल्या की दम खायचा, पाणी प्यायचं, पुढची. वहिनी मागून खडूने खुणा करत होत्या. आत काम असलेल्या निघाल्या अठ्ठावन्न. बाकीच्यांना फक्त नवं कव्हर हवं होतं.

वहिनींचा आकडा ठेकेदारांच्या निम्म्याहून कमी निघाला. व्यवस्थापकांनी भुवया उंचावल्या. "आम्हाला गंडवताय की ते गंडवत होते?"

"कुठल्याही तीन उघडा," उस्ताद म्हणाले. तीन उघडल्या. एकीत पट्टा तुटलेला होता, दोन धडधाकट होत्या, अगदी खुणेबरहुकूम. काम मिळालं. कापडापुरती आगाऊ रक्कम हातात, बाकी काम झाल्यावर, मुदत तीन आठवडे.

पण त्या दोन सकाळींनी उस्तादांना अंथरुणाला खिळवलं, आणि माप घ्यायला वहिनी गेल्या. जुनी कव्हरं इतकी विरलेली की हात लावताच तुकडे पडत होते, त्यामुळे उसवून नमुना घ्यायची सोय नव्हती. वहिनींनी पंजा ताणला, अंगठा ते करंगळी, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः खुर्ची मापली. काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं त्यांच्या. परतताना पावलं जमिनीला लागत नव्हती, आणि कारखान्याच्या दारातूनच त्या ओरडल्या, "बैठक चार, रुंदी तीन!" पडद्यामागे उस्ताद हसले. कापड आलं, खिळ्याला लागलं, चार थरांत चाळीस कव्हरं एका दिवसात बेतून आणि शिवून झाली.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पहिलं कव्हर खुर्चीवर चढवलं, तर ते थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखं लोंबत होतं. दुसरंही तसंच. नणंदेने तिसरं चढवून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला टोमणा सुचला नाही. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. कापड मोजून आणलेलं होतं, वर एक हातही जास्त नाही.

उस्ताद त्या दिवशी जरा बरे होते म्हणून सभागृहाच्या दाराशी स्टूल टाकून बसले होते. त्यांनी वहिनींना जवळ बोलावलं, त्यांचा उजवा हात घेतला, ताणायला लावला आणि त्यावर आपला पंजा ताणून ठेवला. उस्तादांची करंगळी इंचभर पुढे गेली. खुर्ची मापली होती वहिनींच्या वितीने, आणि कापड कापलं होतं उस्तादांच्या खिळ्यांवर! इतक्या वर्षांच्या संसारात एकमेकांचे हात एवढे निरखून बघायची वेळ दोघांवर पहिल्यांदाच आली होती.

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "बोला. मी गेलो असतो तर असं झालं नसतं, म्हणून टाका एकदाचं."

उस्तादांनी पकड घेतली, टेबलाच्या कडेला बसले आणि पहिला पितळी खिळा उपटला. मग दुसरा. प्रत्येक खिळ्याला थांबत, खोकत, पुन्हा पकड लावत, दहाच्या दहा.

"अहो, हे काय? राहू द्या, मी आपली टेपने मापेन."

"टेप गिऱ्हाइकाला दाखवायला असतो. पंजा ठेव."

"पण..."

"माप घेणार तू, बेतणार तू, शिवणार तू. मग टेबल माझ्या हाताचं कशाला? ठेव पंजा."

वहिनींनी पंजा टेबलावर ताणून धरला. उस्तादांनी करंगळीच्या टोकाशी खिळा ठोकला, पंजा पुढे सरकवला, पुन्हा ठोकला. जुनी भोकं तशीच राहिली, खिळे मात्र नव्या जागी बसले. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. नणंद पडद्याशी उभी होती. ती म्हणाली, "आता माझी भावजय उस्ताद झाली, म्हणजे मला कोण विचारणार?" आणि तिनेही पदराने डोळे टिपले.

चाळीस कव्हरं उसवून, कापून मापाची झाली. पण उरलेल्या कापडाचा हिशेब केला, तर अकरा खुर्च्यांचं कमी पडत होतं. वहिनी टेबलाशी बसून राहिल्या, आणि त्यांचा पाय टेबलाखाली कापलेल्या पट्ट्यांच्या ढिगात गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कव्हराची चारी बाजूंची चार-चार बोटं खुर्चीखाली दुमडली जातात, ती कोणाला दिसतात? वरचा भाग अखंड कापडाचा ठेवायचा आणि दुमडायच्या जागी या पट्ट्या दुहेरी शिवणीने जोडायच्या. शिलाई वाढली, पण जाड शिवण भराभर ओढून नेणारं मशीन होतंच. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, तेच कामाला आलं.

अठ्ठावन्न खुर्च्यांचा काथ्या वहिनी आणि नणंदेने तोंडाला फडकी बांधून बदलला. उस्ताद दाराबाहेरून ओरडून सांगत. "पट्टा आधी ताण! आधी ताण म्हणतो ना!" त्यांच्या ओरडण्याला काथ्याची धूळ लागत नसल्यामुळे डॉक्टरांची हरकत नव्हती.

मुदतीच्या दोन दिवस आधी काम संपलं. व्यवस्थापक रांगांमधून हात फिरवत हिंडले. वहिनींनी एक खुर्ची उलटी करून त्यांना जोड दाखवला. "कापड बेतताना चूक झाली होती, ती अशी निस्तरली. सांगितलेलं बरं."

व्यवस्थापकांनी वाकून पाहिलं. "दाखवलंत म्हणून कळलं," ते म्हणाले, आणि त्यांनी पूर्ण पैसे दिले. वर ग्रंथालयाच्या खुर्च्यांचं विचारलं. विचारलं मात्र वहिनींना.

महिनाअखेरीला अजून चार दिवस होते. वहिनी पतपेढीच्या पायऱ्या चढल्या आणि थकलेले दोन हप्ते टेबलावर ठेवले. वसुलीवाले भाऊ उठून उभे राहिले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सहा महिने अर्धा हप्ता गेला, एकदाही न चुकता. मग पूर्ण जाऊ लागला, मग कधी दीड. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कर्ज फिटलं आणि भाऊ तारणाचा कागद परत द्यायला स्वतः कारखान्यात आले. उस्तादांनी त्यांना नव्या खुर्चीवर बसवलं आणि कशी वाटते ते तीनदा विचारलं.

भाऊ चहा पीत असतानाच एक गिऱ्हाईक आलं. मोठा सोफा होता, बाहेर गाडीत. उस्तादांनी झटकन टेप गळ्यात अडकवला.

"माप घेता ना?" गिऱ्हाइकाने विचारलं.

उस्तादांनी सवयीने पंजा उघडला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मिटला. मग पडद्याकडे तोंड करून हाक मारली.

"अगं, बाहेर ये. हात घेऊन ये."