टाकीत कोणी आहे का?

"तुमच्या माणसाने मला सांगितलं, टाकीत कोणी नाही. म्हणून मी व्हॉल्व्ह उघडला," युसुफ पुन्हा पुन्हा हेच सांगत होता.

बहारीनमध्ये झल्लाकच्या एका रिसॉर्टच्या पंपरूममध्ये आम्ही उभे होतो. माझे बूट भिजले होते आणि डोकं तापलं होतं. शाजीला घेऊन ॲम्ब्युलन्स नुकतीच गेली होती. युसुफ हा त्या रिसॉर्टचा ड्यूटी इंजिनिअर. बहारीनचाच, कामाला चोख, आणि खोटं बोलणारा तर नव्हेच. त्यामुळे माझी जास्तच पंचाईत झाली होती.

मी सेफ्टी इंजिनिअर आहे. मूळचा साताऱ्याचा, पण निम्मं आयुष्य बहारीनमध्ये गेलं. आमची कंपनी हॉटेलांची आणि इमारतींची मेन्टेनन्सची कामं घेते. काम चालू असताना नको ते प्रश्न विचारायचे आणि अपघात झाला की तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, ही माझी नोकरी. सेफ्टीवाला साइटवर आला की लोकांचे चेहरे उतरतात. मला आता त्याची सवय झाली आहे.

झालं ते असं. रिसॉर्टची पाण्याची टाकी जमिनीखाली आहे. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं झाकण, खाली अंधार. टाकी रिकामी करून अधूनमधून ती आतून घासावी लागते. अशा जागेला आमच्या धंद्यात कन्फाइन्ड स्पेस म्हणतात. म्हणजे माणूस आत शिरू शकतो, पण घाईने बाहेर पडू शकत नाही. म्हणून आत एक जण गेला की झाकणाशी दुसऱ्याने उभं राहायचं. त्याला स्टँडबाय म्हणतात. त्याने इकडची काडी तिकडे करायची नाही. आत कोण आहे ते लक्षात ठेवायचं आणि कोणी विचारलं तर सांगायचं. एवढंच काम.

त्या दिवशी आत शाजी होता. केरळचा, आमचा जुना माणूस. टाकीच्या मधोमध भिंत आहे आणि तो तिच्या पलीकडे मशीनने फरशी घासत होता. वरून दिसायची सोय नव्हती, आणि मशीनची घरघर वर पंपांच्या आवाजात मिसळून जात होती. झाकणाशी स्टँडबाय म्हणून विलासराव होते. इकडे रिसॉर्टमध्ये नळाला पाणी कमी येतं म्हणून पाहुण्यांची ओरड सुरू झाली, मॅनेजर युसुफच्या मागे लागला. युसुफ आला, त्याने विलासरावांना विचारलं, उत्तर ऐकलं, आणि पंपरूममध्ये जाऊन टाकीत पाणी सोडलं.

पाण्याचा आवाज ऐकताच विलासराव झाकणातून जिवाच्या आकांताने ओरडले आणि तसेच पंपरूमकडे धावले. युसुफचा हात धरून त्यांनी व्हॉल्व्ह बंद करायला लावला. तोवर शाजी अंधारात शिडीकडे पळताना घसरला होता. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. जीव वाचला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

विलासराव चिपळूणकडचे. चाळिशी ओलांडलेले, अनुभवी फिटर. ज्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढली तो बंद पडला आणि या वयात ते बहारीनला आले. येऊन महिनाही झाला नव्हता. मराठी माणूस म्हणून मला त्यांचं जरा कौतुक होतं. त्यांची एक लकब होती. साधा रस्ता द्यायला उशीर झाला तरी हात जोडून "माफी, साहेब" म्हणायचे. बाकीची मंडळी चेष्टा करायची. मी एकदा विचारलं, "अहो, सॉरी म्हणा की. सगळ्यांना कळतं." तर म्हणाले, "सॉरी पाय लागला तर म्हणायचं, साहेब. चूक झाली तर माफी. आमच्या जुन्या फोरमनला सॉरी म्हटलेलं खपायचं नाही."

त्यांना मी बाजूला घेतलं. पाचावर धारण बसली होती त्यांची.

"विलासराव, युसुफने तुम्हाला काय विचारलं?"

"मला कुठं कळतंय त्यांचं बोलणं? काहीतरी विचारलं खरं. मी नुसता बघत राहिलो, मग परत विचारलं."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? कळलं नाही म्हणून माफी मागितली."

"आत कोणी नाही, असं म्हणालात?"

"देवाशपथ नाही, साहेब! शाजीभाऊ आत असताना असं कोण म्हणेल?"

मी वैतागलो. एक म्हणतो, मला सांगितलं. दुसरा म्हणतो, मी सांगितलंच नाही. दोघांची तोंडं बघितली तर दोघंही खरं बोलत होते. अशा वेळी सेफ्टीवाल्याला काय लिहावं ते सुचत नाही.

रिसॉर्टला मात्र चटकन सुचलं. स्टँडबायने खोटी माहिती दिली, त्यामुळे अपघात झाला, असं त्यांनी आमच्या मालकांना कळवलं. मालक म्हणजे करीम साहेब. बहारीनचे, वयस्कर, मनाने चांगले, पण राग नाकावर. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "उद्या त्याला अदलियाच्या ऑफिसात घेऊन ये. खलास. व्हिसा कॅन्सल."

व्हिसा कॅन्सल होणं म्हणजे काय, हे इथे न राहिलेल्याला नीट कळणार नाही. इथला आमचा मुक्काम नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की मुक्काम गेला. पण माणूस जखमी झाला होता, म्हणजे पोलीस केस होण्याची शक्यता होती. केस झाली तर ट्रॅव्हल बॅन, म्हणजे देश सोडायला बंदी. एकाने म्हणायचं, राहू नकोस. दुसऱ्याने म्हणायचं, जाऊ नकोस. अशा पेचात सापडलेली माणसं मी आमच्या गुदैबिया वस्तीत पाहिली आहेत. कोणाच्या तरी खोलीत पथारी टाकायची, दुपारभर दुकानांच्या सावलीत बसायचं आणि घरी फोनवर सगळं मजेत आहे म्हणून सांगायचं. विलासरावांना त्या रांगेत बसलेलं माझ्या डोळ्यांसमोर येत होतं.

संध्याकाळी शाजीला हॉस्पिटलमध्ये भेटलो. हात प्लास्टरमध्ये. म्हणाला, "सर, विलासभाई चिल्लाया, तब मैं भागा. मशीन की आवाज में पानी का पता ही नहीं चलता था."

हे माझ्या डोक्यात अडकून बसलं. टाकी रिकामी आहे असं ज्याने सांगितलं, तो पाणी आल्यावर ओरडेल कशाला? आणि आत माणूस आहे हे ज्याला माहीत होतं, तो रिकामी आहे असं सांगेल कशाला? घरी आलो तर बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, दूध मफी! खाली जाऊन घेऊन या." मफी म्हणजे नाही, संपलं, मिळणार नाही. फी म्हणजे आहे, मफी म्हणजे नाही. या दोन शब्दांवर इथला निम्मा व्यवहार चालतो आणि इतक्या वर्षांत ते आमच्या घरच्या मराठीतही मुरले आहेत. मी पिशवी घेऊन खाली गेलो. दूध आणलं. काहीही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी करीम साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. टेबलामागे साहेब, एका खुर्चीवर युसुफ, दुसरीवर मी. विलासरावांना बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून उभे राहिले. मी दुभाष्याचं काम करणार होतो, पण साहेबांना धीर नव्हता. कामगारांशी सगळेच बोलतात त्या मोडक्यातोडक्या अरबीत त्यांनी थेट सुरुवात केली.

"इंता कलाम माफी नफर?"

म्हणजे, टाकीत माणूस नाही, असं तू बोललास?

विलासरावांना एवढंच कळलं की साहेब रागावले आहेत. त्यांनी हात जोडले. "माफी, साहेब."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "फी गलत?" म्हणजे, चूक आहे ना तुझी?

"माफी, साहेब. माफी."

साहेबांनी टेबलावर हात आपटला. माझ्याकडे वळून इंग्रजीत ओरडले, "ऐकलंस? माणूस मरता मरता वाचला, आणि हा मला तोंडावर सांगतो, चूक नाही म्हणून! दोन वेळा!"

मी विलासरावांकडे बघितलं. जोडलेले हात, डोळ्यांत पाणी. एवढ्या नम्रपणे कोणी 'माझी चूक नाही' असं ठणकावून सांगत नसतं. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"सर," मी म्हणालो, "यांना एक प्रश्न विचाराल? या खोलीत युसुफ आहे का, एवढंच विचारा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"विचारा तर."

साहेबांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. पण विचारलं. "फी युसुफ हिनी?"

युसुफ विलासरावांपासून हातभर अंतरावर बसला होता.

विलासराव रडवेले झाले. "माफी, साहेब."

आधी कळलं ते युसुफला. थोडंफार हिंदी त्याला येत होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो हळूच म्हणाला, "माफ करो? ये माफ करो बोलता है?"

"हो," मी म्हणालो. "काल टाकीवरही तेच बोलत होते. तू विचारलंस, आत माणूस आहे का. त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी माफी मागितली. तू ऐकलंस, माफी. कोणी नाही."

आम्ही गुदैबियाच्या मराठी लोकांनी तो शब्द आखूड करून मफी करून टाकला आहे. अरब माणूस मात्र 'मा' लांबवून म्हणतो. कानाला अगदी आपली माफी. जिथे आपण कमीपणा घेतो, तिथे तो नकार ऐकतो. इतकी वर्षं दोन्ही शब्द माझ्या तोंडात होते, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. कधी शेजारी ठेवून बघायची वेळ आली नव्हती.

साहेबांनी विलासरावांसमोर खुर्ची सरकवली आणि चहा मागवला. मी विलासरावांना मराठीत सगळं समजावलं. ते ऐकत राहिले आणि एकदम म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोललो नाही ना, साहेब?" मी म्हणालो, "नाही." तेव्हा कुठे ते खुर्चीत बसले. नोकरीचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

रिपोर्टचा प्रश्न होताच. विलासराव सुटले तर कोणीतरी अडकणार होतं. युसुफला गप्प बसता आलं असतं. मी त्याला काही म्हटलंही नव्हतं. पण तो आपणहून म्हणाला, "मी शिडीने उतरून बघायला हवं होतं. बॅटरी माझ्या खिशात होती." तसंच त्याने लिहून दिलं. त्याला वॉर्निंग मिळाली. शाजीनेही तक्रार केली नाही, मनगट जुळल्यावर तो कामावर आला. विलासरावांचा व्हिसा कायम राहिला. घरी त्यांनी यातलं अक्षरही कळवलं नाही, हे मला नंतर समजलं. इथले आम्ही सगळेच असे.

आता आमच्याकडे टाकीवर तोंडी विचारणं बंद आहे. जो आत उतरतो तो आधी पाण्याच्या व्हॉल्व्हला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात घालून आत जातो. याला लॉकआउट म्हणतात. नियम पुस्तकात आधीपासूनच होता, घाईगर्दीत कोणी पाळत नव्हतं. मी नव्याने आलेल्या लोकांना शिकवताना एवढंच सांगतो, की न कळलेल्या शब्दाला फार घाबरू नका, तो आपण कोणाला तरी विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द जास्त सांभाळा.

मध्यंतरी त्याच टाकीच्या सफाईला मी मुद्दाम हजर राहिलो. आत शाजी, झाकणाशी विलासराव. रिसॉर्टमध्ये पुन्हा पाण्याची ओरड झाली असावी, कारण युसुफ लगबगीने आला. व्हॉल्व्हवरचं कुलूप बघून थांबला. करीम साहेबांच्या केबिननंतर हे दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. युसुफने छातीवर हात ठेवला.

"विलासभाई," तो म्हणाला, "माफी."

विलासराव हसले. एव्हाना त्यांना दोन्हीकडचे शब्द येत होते.

"माफी मुश्किल, युसुफभाई," ते म्हणाले. काही हरकत नाही, याला इथे सगळे असंच म्हणतात. मग त्यांनी कुलुपाकडे बोट दाखवलं. "लेकिन पानी मफी. शाजी अंदर है."

युसुफने मॅनेजरला फोन लावला आणि पाण्याला उशीर होईल म्हणून कळवून टाकलं.