मारोतीच्या ओट्यावर थांबणारी सायकल

आमच्या घरात देवाचं सगळं माझ्याकडे होतं आणि कष्टाचं सगळं यांच्याकडे. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी शनिवारी मारोतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ घेऊन जाते. हे मात्र कधी देवळाची पायरी चढले नाहीत. देवाला नावं ठेवली असंही नाही, पण हात जोडण्यापुरतीही त्यांना कधी सवड झाली नाही. वरठीच्या एका लोखंडाच्या कारखान्यात ते कामाला. सकाळी सायकल काढायची, दिवसभर भट्टीच्या धगीत राबायचं, संध्याकाळी परत यायचं. बरोबरीच्या सगळ्यांनी मोटारसायकली घेतल्या, यांनी सायकल सोडली नाही. "माह्या पायात आहे नं पेट्रोल," असं म्हणायचे. मला त्यांच्या त्या ताकदीचा फार अभिमान होता. धानाचं पोतं एका झटक्यात खांद्यावर घेणारा माणूस आपला नवरा आहे, हे मी चारचौघींत न सांगताही माझ्या चालण्यातून दिसत असणार.

तरी मनात एक रुखरुख होती. एवढं सगळं देणाऱ्यासमोर या माणसाने एकदा तरी वाकावं, एवढंच मी मारोतीकडे मागत आले. दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात, धान चुरण्याच्या म्हणजे मळणीच्या दिवसांत, त्यांना खोकला सुरू झाला. खळ्यावर धूळ उडते, कोंडा नाकातोंडात जातो, त्या दिवसांत घराघरात कोणी ना कोणी खोकतच असतं. सासूबाईंनी अडुळशाचा काढा करून दिला. मी रात्री हळदीचं दूध देत होते. मेडिकलमधून औषधाची बाटली आणली, ती संपली, दुसरी आणली. धान घरात येऊन पडलं, खळं झाडून झालं, थंडीही ओसरली, पण खोकला गेला नाही. कोरडाच खोकला, एकदा सुरू झाला की थांबता थांबायचा नाही. जेवण कमी झालं होतं. संध्याकाळी घरी आले की अंग कोमट लागायचं. मी विचारलं की म्हणायचे, "भट्टीपाशी उभा राहून आलो, अंग गरम नाही तं काय थंड राहीन?" हसून बोलायचे, म्हणून मलाही पटायचं.

त्याच सुमारास ते घरी उशिरा येऊ लागले. आणि एक दिवस शेजारची माझी मैत्रीण पाणी भरता भरता म्हणाली, "काय जी, तुमच्या घरचे तं भारी भक्त झाले! रोज सांजच्याले मारोतीच्या ओट्यावर बसून राह्यते."

माझ्या हातातला पाण्याचा गुंड तसाच राहिला. रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते ताटावरची नजर न काढता म्हणाले, "हो. बसतो थोडा वेळ देवापाशी. बरं वाटते."

त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. इतक्या वर्षांचं मागणं मारोतीने ऐकलं होतं! पुढचे कितीतरी दिवस मी गावात मान ताठ करून फिरले. कोणी यांच्याबद्दल बोललं की मी म्हणायचे, वेळ यावी लागते, वेळ आली की देव बोलावतोच. शेवटी ठरवलं की देवाचे आभार मानायचे. एका संध्याकाळी नारळ, उदबत्ती आणि गूळ-खोबरं घेऊन मी यांना न सांगता निघाले. ते येतील तेव्हा दोघं मिळून नारळ फोडू, असा बेत होता.

गाव सोडून वरठीच्या रस्त्याला लागलं की थोडा चढ आहे, वरठीकडून येतानाही तसाच. चढ संपतो तिथे मोहाच्या झाडाखाली आमचा मारोती आहे. देऊळ म्हणजे चार खांब आणि पत्रे, समोर सिमेंटचा ओटा. मी पोचले तेव्हा एक म्हातारी बाई पायरीवर वाती वळत बसली होती. गावातली नव्हती. नऊवारी लुगडं, कपाळावर कुंकू नाही, डोळे मात्र लख्ख. विचारलं तर म्हणाली, पोरीच्या बाळंतपणाला आली आहे, पोरगी पलीकडच्या वस्तीत भाड्याने राहते, संध्याकाळी बाळ झोपलं की इथे येऊन बसते. मी तिच्याजवळ बसले आणि कोणी विचारलं नसताना आपलं सुख सांगून टाकलं. माझा नवरा रोज इथे येतो, आजवर कधी आला नव्हता, आता येतो, म्हणून मारोतीचे आभार मानायला आले आहे.

ती वाती वळायची थांबली. "सायकलवाला? उंचापुरा माणूस?"

मी मान हलवली.

"बाई, राग नको धरू," ती म्हणाली. "तो तुह्या घरचा माणूस इथं हात नाही जोडत. कुशीले हात लावून बसते. दम खाते तो. आता येईलच, तूच पाह्य."

मला तिचं बोलणं कळलं आणि कळलं नाही. मी खांबाच्या मागच्या बाजूला सरकून उभी राहिले. थोड्या वेळाने सायकल दिसली. हे सायकलवर नव्हते. जो चढ ते आजवर गप्पा मारत चढायचे, तो सायकलला टेकून, तिला ढकलत चढत होते. मोहापाशी आले, सायकल झाडाला लावली आणि धपकन ओट्यावर बसले. देवाकडे पाठ होती. उजवा हात बरगडीवर दाबलेला, तोंड उघडं, दर श्वासाला दोन्ही खांदे वर उचलले जात होते. खोकल्याची उबळ आली तेव्हा त्यांनी गमछा तोंडात धरला, आवाज होऊ नये म्हणून.

मी पुढे झाले. मला पाहून ते चपापले, मग हसायचा प्रयत्न केला. "तू काहून आली? दर्शनाले आलो होतो मी."

"मंग हात जोडा नं," मी म्हणाले. "एकदा जोडून दाखवा मले."

बरगडीवरचा हात त्यांना काढता येत नव्हता.

तेव्हा ती म्हातारी उठून आमच्यापाशी आली. यांच्या समोर उभी राहिली आणि आपल्या लेकाशी बोलावं तसं बोलू लागली. "बाबू, माह्या घरचा माणूसही असाच होता. दम लागे तं बांधावर बसे. विचारलं तं म्हणे, पीक पाहून राहिलो. आम्ही म्हणू, केवढी माया आहे याची वावरावर! पीक कापाच्या आधी गेला तो. दवाखान्यात नेला तेव्हा डॉक्टर म्हणे, खोकला कवापासून आहे? आमच्यापाशी सांगाले काही नव्हतं. तू जाऊन ये, बाबू. उद्याच जाऊन ये."

यांनी गमछ्याने तोंड पुसलं. मग सगळं बाहेर आलं. महिनाभरापासून एका कुशीवर झोपता येत नव्हतं. कारखान्यातला जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. रात्री घामाने बनियन भिजायची, ती पहाटेच स्वतः धुऊन टाकायचे. "टीबी-बीबी निघाला तं?" ते हळूच म्हणाले. "लोक घरी येणं बंद करतील. तुले तोंड दाखवाले जागा राहणार नाही."

"माह्या तोंडाचं मी पाह्यतो," मी म्हणाले. "तुम्ही उद्या चला."

नारळ तसाच पिशवीत राहिला. आंधळगावहून माझा भाऊ सकाळीच मोटारसायकल घेऊन आला आणि आम्ही भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या लेडी डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पाठीला नळी लावली, बोटाने ठोकून पाहिलं, छातीचा फोटो काढायला पाठवलं, थुंकी तपासायला घेतली. फोटोत एक बाजू खालून पांढरीफटक दिसत होती. फुप्फुसाभोवती पाणी साचलं होतं. त्यांनी आम्हाला खुर्चीवर बसवून शांतपणे समजावलं. "काका, खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला की धूळ असो, थंडी असो, दाखवून घ्यायचं. संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतं, रात्री घाम येतो, यातलं काही असेल तर नक्कीच यायचं. आणि दम लागला, छातीत दुखलं किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी यायचं. उद्यावर टाकायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणलंत ते बरं केलंत."

सुई घालून पाणी काढायचं होतं. यांना आत नेलं आणि दार लागलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. तोंडात मारोतीचं नाव आपोआप सुरू झालं. पण नेहमीसारखं काही मागता येईना. काय मागायचं होतं, ते माझं वर्षानुवर्षं मागून झालं होतं, आणि ते मिळालं तेव्हा ते असं निघालं. मी म्हटलं, देवा, आता मी काही सुचवत नाही. आत ज्यांच्या हातात सुई आहे ते तुझेच, आणि ज्याच्या पाठीत जाणार आहे तोही तुझाच. इतकं म्हणाले आणि मन शांत झालं. भीती गेली असं नाही, पण तिचं ओझं माझ्या एकटीवर राहिलं नाही. दार उघडलं तेव्हा हे चालत बाहेर आले. चेहरा पांढरा पडलेला, पण खांदे जागेवर होते. भिंतीला टेकून त्यांनी एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक. "बाप्पा," ते म्हणाले, "कितीक दिवसांनी आत गेला हा!"

तपासण्या झाल्या. टीबीच निघाला, फुप्फुसाच्या आवरणाचा. सहा महिने गोळ्या, आणि त्या दवाखान्यातूनच मोफत. घरी माझी आणि सासूबाईंचीही तपासणी झाली, आम्ही ठीक होतो. गोळ्यांनी लघवी लालसर झाली तेव्हा सासूबाई घाबरल्या. गावातल्या आशाताईंनी येऊन सांगितलं, ते औषधामुळेच होतं, भ्यायचं नाही. दोन महिन्यांत भूक परत आली, रंग परत आला. अशा वेळी माणसं गोळ्या सोडतात, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते, पण मला एकदाही आठवण करून द्यावी लागली नाही. सकाळी उठून आधी गोळी, मग चहा. ज्या माणसाने आयुष्यात डोकेदुखीची गोळी घेतली नव्हती, त्याने पूर्ण सहा महिने एक दिवस चुकवला नाही. पोतं उचलणाऱ्या नवऱ्याचा मला अभिमान होताच, पण या अभिमानापुढे तो काहीच नाही.

आणि लोकांचं? पहिल्याच आठवड्यात ओसरीवर बसून यांनी स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली. "टीबी झाला जी मले. लपवून ठेवला तं मरत होतो. आता औषध चालू आहे." इतक्या सरळ सांगितल्यावर कोणाला कुजबुजायला काही उरलंच नाही. शेजारची मैत्रीण तेव्हाही येत होती, आताही येते.

यांची प्रकृती सुधारल्यावर मी त्या म्हाताऱ्या आईला शोधायला गेले. तिच्यासाठी लुगडं घेतलं होतं. पलीकडच्या वस्तीत विचारलं, तर बाळंतीण होती ती खोली रिकामी झालेली. जावयाची बदली झाली म्हणे, कुठे ते कोणाला माहीत नव्हतं. मी लुगडं परत आणलं आणि माझ्या सासूबाईंना नेसवलं. ती कोण होती याचा मी फार विचार करत नाही. एक आई होती, आपलं दुःख उघडं करून तिने माझं घर वाचवलं. तिला त्या वेळी त्या ओट्यावर कोणी आणून बसवलं, तेही मी कोणाशी वाद घालून सांगायला जात नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. यांच्या कारखान्यातला एकोडीकडचा एक कामगार बरेच दिवस खोकत होता. यांनी त्याला सुट्टी टाकायला लावली आणि स्वतः बरोबर घेऊन गेले. संध्याकाळी दोघं आमच्याकडेच आले. टीबी नव्हता. दम्याचा त्रास होता, श्वासातून ओढायचं औषध दिलं होतं. तो चहा पिता पिता कुरकुरला, "काहीच नाही निघालं भाऊ. दिवस फुकट गेला."

हे इतके मोठ्याने हसले की सासूबाई आतून बाहेर आल्या. "अरे, असे दिवस फुकटच गेले पाह्यजे! आता कशाचा खोकला आहे हे तं समजलं नं? औषध ओढ आणि गप्प बस."

मी दारात उभी राहून पाहत होते. शरण जाणं म्हणजे देवापुढे डोकं टेकणं, एवढंच मला माहीत होतं. आता वाटतं, आपल्यात जे दुखतंय ते लपवणं सोडून द्यायचं, दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हेच शरण जाणं आहे. त्या संध्याकाळी ओट्यावर यांनी ते केलं. हात न जोडताच केलं. त्यांनी हात जोडावेत असं मागणं मी आता सोडून दिलं आहे. शनिवारी मारोतीला माळ घालते, मागायला काही उरलेलं नसतं, म्हणून थोडा वेळ त्याच्यापाशी नुसतीच बसून येते.