गाडीघराचे अकरा दिवे

डिसेंबरची बारा तारीख, दुपारचे तीन. भाऊजींच्या गाडीघराला, म्हणजे जीपमागे ओढायच्या चाकांवरच्या खोलीला, मागून आणखी लाल एलईडी दिवे बसवायचे होते, आणि ते दिवस मावळायच्या आत. अंधार पडू लागताना ते रस्त्यावर तपासून बघायचे, असा त्यांचा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी ते आणि माझी मोठी जाऊ, म्हणजे अक्का, पहिल्या मुक्कामाला निघणार होते. दिवे नीट लागले नाहीत तर निघायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं होतं. अक्कांनी दशम्या बांधून ठेवल्या होत्या.

पुढे बघून चालणारी माणसं पुष्कळ असतात. मागे बघून जगणारा माणूस मी एकच पाहिला आहे, तो म्हणजे माझे मोठे दीर. मागे म्हणजे जुन्या आठवणींत नव्हे, खरोखर मागे. गाडीच्या मागे, बैलाच्या मागे, माणसाच्या मागे. त्यांचा जन्म एसटीच्या स्टेअरिंगवर गेला, पण त्यांना विचाराल तर ते गाडी आरशातूनच चालवत होते. "म्होरलं मला दिसतं," ते म्हणतात, "पर मागच्याला मी दिसतो का, ते मला कोन सांगल?" आमच्या जवळा बाजार गावात ज्या वस्तूला पाठ आहे तिला भाऊजींनी रेडियमची लाल पट्टी चिकटवलेली आहे. बैलगाडी, सायकल, भाजीचा हातगाडा, दोन शेळ्या. अक्का एकदा नरसीला कीर्तनाला गेल्या तेव्हा त्यांच्या शालीला पाठीमागून पट्टी लावली होती. बाहेरून मोटारसायकल वळली की अक्का लखकन चमकायच्या, आणि कीर्तनकारबुवा बिचारे दर वेळी अभंग अर्ध्यावर थांबवून बघायचे. पुतण्याच्या वरातीत सगळे घोड्यापुढे नाचत होते, तर भाऊजी वरातीच्या शेवटी लाल बॅटरी धरून उलटे चालत होते. मागून आलेली दोन ट्रॅक्टरं अर्धा तास थांबली. ड्रायव्हरांना वाटलं, पुढे पूल खचला आहे.

पाहुणे निघाले की आमच्याकडे पानसुपारी नंतर, आधी भाऊजी गाडीच्या मागे जाऊन उभे राहतात आणि म्हणतात, "ब्रेक दाबा." दिवा लागला नाही तर पाहुणा मुक्कामी. माझ्या मुलीला बघायला एक मुलगा आला, शिकलेला, नोकरीला लागलेला, पण त्याच्या मोटारसायकलचा मागचा दिवा बंद होता. पोह्यांची बशी त्याच्या हातात होती. भाऊजींनी ती काढून घेतली. "पोहे थंड होत न्हाईत. आधी बल्ब टाकून या." मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मुलगा गेला, बल्ब टाकून आला आणि बशी परत मागितली. आज तो माझा जावई आहे. दारात गाडी लावली की कुणी सांगायच्या आत ब्रेक दाबून दाखवतो.

हे वेड त्यांना पहिल्यापासून नव्हतं. सात वर्षांपूर्वी याच दिवसांत औंढ्याच्या रस्त्यावर उसाची एक ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, रेडियम नाही. एक दगड आणि उसाच्या वाढ्याची पेंढी ठेवलेली. दिवस बुडाला होता. माझे मालक, भाऊजींचे धाकटे भाऊ, मोटारसायकलवर घरी येत होते. त्यापुढचं सांगण्यासारखं नाही. पंधराव्या दिवशी मी त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान उघडलं, कारण तीन शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी आत अडकल्या होत्या आणि मला काम येत होतं. तेव्हापासून दुकान मीच चालवते. फक्त त्या रस्त्यावर त्या वेळेला मी गेले नव्हते. औंढ्याला काम असलं तर सकाळी.

गाडीघर ही भाऊजींची निवृत्तीनंतरची कल्पना. नोकरीत निम्म्या रात्री त्यांनी मुक्कामी गाडीच्या शेवटच्या सीटवर काढल्या, आणि अक्कांनी घरी एकटीनं. आता अक्कांना घेऊन मुक्काम करायचा, असं त्यांनी ठरवलं. वेल्डरकडून दोनचाकी लोखंडी सांगाडा करून घेतला, वर पत्रा, आत प्लायवूड, भंगारातून आणलेल्या बसच्या दोन सरकत्या खिडक्या. आत एक पलंग, एक शेगडी आणि घंटीची दोरी. अक्कांना मागून काही हवं असेल तर दोरी ओढायची. एकदा थांबा, दोनदा चला. जुन्या जीपच्या मागे लोखंडी गोळा बसवला, त्यावर गाडीघराच्या दांडीची वाटी बसते. दिसायला सगळं मिळून गोठ्यातल्या कोंबड्यांच्या खुराड्यापेक्षा थोडं मोठं, पण मागून पाहिलं तर देवीचा मंडप. चार दिवे आधीच होते. भाऊजी आणखी आठ घेऊन आले.

"आठ मावत नाहीत, भाऊजी. मागे दार आहे."

"दाराला लाव."

"दार उघडलं की तारा तुटतील."

त्यांनी पत्र्यावर वीत टाकून मोजलं, पुन्हा मोजलं. "मंग सात. आन् आठवा तुझ्या स्कूटीला."

"माझ्या स्कूटीला एक आहे. पुरे."

आठवा दिवा त्यांनी खोक्यात परत ठेवला आणि खोकं माझ्या टेबलावर.

मी भोकं पाडली, दिवे बसवले, पाणी शिरू नये म्हणून कडेनं सिलिकॉन भरलं. करंट नेणारी तार प्रत्येक दिव्यापर्यंत टाकली. करंटला बॅटरीकडे परत यायलाही वाट लागते, तिला आम्ही अर्थिंग म्हणतो. ती वेगळी काळी तार टाकून देता येते, नाहीतर सरळ लोखंडी सांगाड्यालाच जोडतात. मग करंट सांगाडा, दांडी, गोळा असं करत जीपमध्ये परत जातो. इकडच्या सगळ्या ट्रॉल्यांना असंच असतं. काळ्या तारेचं बंडल माझ्या हाताशी होतं. घड्याळात साडेचार झाले होते आणि भाऊजी माझ्या मानेवर उभे राहून दर दोन मिनिटांनी सूर्य बघत होते. मी सांगाड्याला जोडून टाकलं. दहा मिनिटं वाचली.

अकराच्या अकरा दिवे लागले. भाऊजींनी प्रत्येकावर बोट ठेवून मोजले, मग गाडीघर दुकानासमोर सोडून जीपमध्ये डिझेल भरायला गेले. ते परत आले तेव्हा मी आत एका गिऱ्हाइकाची मोटार तपासत होते. बाहेर आले तोवर दांडी जोडून झाली होती, दिवे लागलेले होते, आणि अक्का खिडकीतून हात काढून बसल्या होत्या.

"माय, तू स्कूटीवर मागून ये," भाऊजी म्हणाले. "मागून कसं दिसतं ते मला फकस्त तूच बराबर सांगशील."

कुठल्या रस्त्यानं, ते मी विचारलं नाही. गावातून निघताना एकच रस्ता त्या वेळेला मोकळा असतो, औंढ्याचा.

सूर्य बुडून गेला होता, पण उजेड पुरता गेला नव्हता; कुणी दिवे लावलेले, कुणी नाही, असली ती वेळ. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. मी पंधरा पावलांचं अंतर ठेवून चालले होते आणि अकरा दिव्यांकडे बघत होते, दुसरीकडे कुठे बघायचं नाही असं ठरवून. पहिला खड्डा आला, दिवे थरथरले. दुसऱ्या खड्ड्याला मिणमिणले, पुन्हा लागले. तिसऱ्याला सगळे एकदम गेले.

पुढे नुसता काळा चौकोन राहिला. पंधरा पावलांवरूनही तो नीट दिसत नव्हता. तेवढ्यात माझ्या आरशात मागून टेम्पोचे दिवे आले. पुढे जाऊन भाऊजींना सांगायचं, तर समोरून उसाची ट्रॅक्टरं येत होती. फोन करून उपयोग नव्हता. गाडी चालवताना ते फोन बंद करून डब्यात ठेवतात. गाडीघरात अक्का होत्या. मग मी जे सुचलं ते केलं. पुढे सरकून गाडीघराच्या अगदी पाठीला लागले, रस्त्याच्या मधल्या अंगाला, ब्रेक अर्धवट दाबून धरला म्हणजे माझा दिवा लागलेला राहील, आणि डावा हात उंच करून हलवत राहिले. ते सगळं घर, आत बसलेल्या अक्का आणि मी, आमच्या सगळ्यांच्या नावाचा एकच दिवा होता. माझ्या स्कूटीचा. तो किती लहान आहे ते मला पहिल्यांदाच नीट कळलं.

टेम्पोनं हॉर्न दिला, ब्रेक करकरले, आणि माझ्या पदराला वारा लावून तो बाजूनं निघून गेला. ड्रायव्हरनं मला जी शिवी दिली ती रास्त होती.

जीप तेव्हाच रस्त्याखाली मातीत उतरून थांबली. भाऊजी लाल बॅटरी घेऊन पळत आले, ते माझ्याकडे न बघता माझ्याही मागे वीस पावलं जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्या गाड्यांना बॅटरी हलवू लागले.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुरीवर लाल उजेड पडत व्हता. पडायचा बंद झाला." बॅटरी हलवतच त्यांनी विचारलं, "तुला लागलं का?"

"नाही."

मी दांडी उचलून बघितली. लोखंडी गोळा शेंदरानं माखलेला होता. तेलात कालवलेला, बोटभर जाड थर. खिडकीतून अक्कांचं तोंड बाहेर आलं.

"मीच लावला गं. तू आत व्हतीस. उघडा गोळा, देवासारका दिसला. म्हनलं, पहिल्यांदा निघून राहिली गाडी."

"पुढच्या बंपरला लावायचा ना, अक्का."

"म्होरं तं लावलाच हाय," त्या म्हणाल्या. "यानला समदं मागंच लागतं, म्हनून मागं बी लावला."

मला हसू आलं नाही, पण यायला हवं होतं. शेंदरातून करंट जात नाही. सुरुवातीला कुठेतरी लोखंडाला लोखंड टेकलं म्हणून दिवे लागले, आणि खड्ड्यांनी ते सुटलं. पण चूक शेंदराची नव्हती. काळी तार टाकली असती तर अक्कांनी अख्खी जीप शेंदरानं माखली तरी दिवे लागले असते. मी तसं भाऊजींना सांगितलं. "चूक माझी आहे. दहा मिनिटं वाचवली."

ते बॅटरी हलवत तिकडे तोंड करूनच उभे होते. तसेच म्हणाले, "म्या बी वाचवली व्हती."

मी गोळा पुसत राहिले.

"त्या दिशी ती ट्रॉली म्या बघितली व्हती, माय. औंढ्याकडं गाडी घेऊन चाललो व्हतो. येळ झाला व्हता. म्हनलं, येताना थांबून सांगू त्यायला."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "तुमच्या कंडक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं."

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "सात वर्सं? मंग बोलली काहून न्हाईस?"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही दिवे लावत होतात. लावू दिले."

ते परत रस्त्याकडे वळले. एक ट्रॅक्टर आलं, त्याला त्यांनी हात करून बाजूनं काढून दिलं आणि सवयीनं त्याच्या ट्रॉलीच्या मागे बघितलं. दिवा होता. मी स्कूटीच्या डिकीतल्या पॉलिश पेपरनं गोळा आणि वाटी घासून चकचकीत केली, पदराचा कोपरा लाल झाला तो झाला. दिवे लागले. आम्ही बैलगाडीच्या चालीनं परत आलो. ते पुढे, अकरा दिवे मध्ये, मी मागे. वाटेत घंटी दोनदा वाजली. अक्कांना घाई झाली होती.

सकाळी सहाला मी दुकान उघडलं. धुकं होतं, म्हणून त्यांना ऊन वर येईपर्यंत निघू दिलं नाही. मागच्या शेवटच्या दिव्यापासून जीपच्या बॅटरीपर्यंत एक अखंड काळी तार टाकली, दर हातावर बांधली, आणि मग अक्कांना म्हणाले, आता गोळ्याला हवा तेवढा शेंदूर लावा. त्यांनी लावला. मग खोक्यातला आठवा दिवा काढला आणि स्कूटीला बसवला. दहा मिनिटांचं काम. भाऊजी जीपमधून उतरून माझ्या मागे जाऊन उभे राहिले. धुक्यात ते मला दिसत नव्हते. मी ब्रेक दाबला.

"मी दिसते का?" मी विचारलं.

पावलं लांब लांब जात राहिली, पार चौकातल्या लिंबापर्यंत. मग तिथून आवाज आला, "दिसती, माय. हितून बी दिसती."